भाचीला भेट दिलेली न थांबणारी गाडी

आमच्या कुडाळकडे लोक सुट्टी काढून येतात, समुद्र बघतात, सोलकढी पितात आणि निघताना 'तुमचं बरं आहे हो' म्हणतात. माझं इतकं बरं आहे की या वर्षी मी माझी सुट्टी चाकणला घालवली. ज्यांनी चाकण पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. तिथे प्रेक्षणीय म्हणावेत असे ट्रक आहेत. ट्रकच्या पुढे ट्रक, मागे ट्रक, आणि मधल्या फटीत दुचाकीवर बसलेलं एक अख्खं कुटुंब. देशभर धावणाऱ्या गाड्या इथे तयार होतात असं ऐकून होतो. तयार होत असतीलही. इथून बाहेर कशा पडतात ते मला अजून समजलेलं नाही.

मी गेलो होतो माझा जुना पिकअप पोचवायला. डबल केबिनचा, म्हणजे पुढे दोघे, मागच्या सीटवर तिघे, आणि त्यामागे सामानाचा हौदा. माझी रोपवाटिका आहे. आंब्या-काजूची कलमं या गाडीतून पुष्कळ हिंडली. मी नवी गाडी घेतली तेव्हा जुनी विकत घ्यायला कोणी तयार होईना. कंपनीने ते मॉडेलच केव्हाचं बंद केलेलं. दोन दलाल बघून गेले आणि परत आले नाहीत. तेव्हा मला एकाएकी माझ्या भाचीची आठवण झाली. माणसाला औदार्य नेमकं कुठल्या क्षणी सुचतं, ते मला त्या दिवशी कळलं.

भाची म्हणजे मोशीची प्राजक्ता, माझ्या धाकट्या बहिणीची, सुनंदाची मुलगी. चाकणच्या एका कंपनीतली खुर्चीवरची नोकरी सोडून तिने भाकरीचा धंदा सुरू केला होता. गावातल्या तीन बायका पहाटेपासून भाकऱ्या थापतात, आणि त्या भाकऱ्या व त्या बायका मिळून कंपन्यांच्या कँटीनला जातात, वाढायला. टेम्पोवाला रोज एक नवी अडचण सांगायचा. त्यामुळे 'मामा गाडी देतोय' ही बातमी सुनंदाने गावात अशी पसरवली की मी निघण्याआधीच मोशीत माझा सत्कार झाल्यासारखं होतं.

गाडीत क्रूझ कंट्रोल आहे. मोकळ्या रस्त्यावर वेग ठरवायचा, बटण दाबायचं आणि पाय काढून घ्यायचा. गाडी त्याच वेगाने धावत राहते. ब्रेकला पाय लागला की ते आपोआप सुटायला हवं. हवं, एवढंच मी म्हणतो. साताऱ्याच्या अलीकडे पुढे उसाची ट्रॉली आली म्हणून मी ब्रेक दाबला. गाडी कुरकुरत हळू झाली. पाय उचलला तशी ती आपल्या मर्जीने उसळली, थेट उसाकडे. पुन्हा दाबला, पुन्हा उसळली. शेवटी स्टिअरिंगवरचं बंद करायचं बटण अंगठ्याला सापडलं आणि तिचं वारं उतरलं. रस्त्याकडेला थांबलो, पाणी प्यालो, शांतपणे विचार केला आणि त्यावर एक उपाय शोधून काढला. कोणाला सांगायचं नाही.

सोमवार, मोशी

मोशी एके काळी इंद्रायणीकाठचं शेतकऱ्यांचं गाव होतं. अजूनही आहे, फक्त शेतांच्या जागी आता इमारती उगवतात, आणि त्यांचं पीक बारमाही आहे. सुनंदाचे यजमान, म्हणजे आमचे बाळासाहेब दाजी, याच मातीतले. त्यांनी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि टायरला लाथ मारून बघितली. देशावर गाडीची तब्येत अशीच बघतात.

"आवं पाव्हणं, गाडी हाय का हत्ती! मनापासून देताय न्हवं? का उभी कराया जागा न्हवती म्हणून?"

सगळे हसले. मीही हसलो. चेष्टेत बोललेलं इतकं खरं असू नये.

रात्रीच्या जेवणात मासवडी होती. मासवडीत मासा नसतो हे आमच्याकडच्या माणसाला दरवेळी नव्याने सांगावं लागतं आणि दरवेळी तितकंच वाईट वाटतं. पण तिळा-खोबऱ्याचं सारण भरलेल्या त्या बेसनाच्या वड्या आणि सोबतचा झणझणीत रस्सा खाल्ल्यावर माझी तक्रार मिटली. मी तिसरी भाकरी मोडत असताना प्राजक्ताने विचारलं, "मामा, गाडीत काही प्रॉब्लेम नाही ना? मागच्या सीटवर ह्या बायका बसणार आहेत माझ्या."

"छे! एकदम मस्त," मी म्हणालो. "एकदा सर्व्हिसिंग तेवढं करून देतो."

पूजा गुरुवारी संध्याकाळी ठरली. या पट्ट्यात बऱ्याच कंपन्यांना सुट्टी रविवारची नसते, गुरुवारची असते. देवाचे वार वेगळे आणि विजेच्या मंडळाने ठरवून दिलेले वेगळे. इथे विजेच्या वारांचा मान मोठा. म्हणजे माझ्याकडे गुरुवारपर्यंतचा वेळ होता.

मंगळवार, चाकण

बिघाड शोधायचा तर तो आधी करून दाखवायला हवा. माझ्या गाडीचं क्रूझ ताशी चाळीसच्या खाली लागत नाही. मोशीपासून चाकणच्या चौकापर्यंत मी चाळीसला शिवण्याचे प्रामाणिक प्रयत्न केले. एकदा तिशी गाठली तर समोरच्या रिक्षावाल्याने मागे वळून रागाने पाहिलं. या रस्त्यावर ही गाडी कोणाला कधीच धोका पोचवू शकणार नाही, असा एक दिलासा मला वाटून गेला. मग आठवलं की भाकऱ्या पहाटे निघतात, तेव्हा रस्ता मोकळा असतो.

एका चकाचक सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो. तिथला टायवाला तरुण संगणकात बराच वेळ बघत राहिला.

"सर, ही गाडी सिस्टीममध्ये दिसत नाहीये."

"ही काय, बाहेर उभी आहे."

"बाहेर असेल सर. सिस्टीममध्ये नाहीये."

या युक्तिवादापुढे मी हरलो आणि शेजारच्या टपरीवर चहा घेतला. कंपनीचा गणवेश घातलेले लोक तिथे शिफ्ट सुटून आले होते. मला वाटलं, आता खरे जाणकार भेटले. ज्यांच्या हातून गाड्या जन्मतात त्यांना त्यांची दुखणी कळणारच. शेजारच्या माणसाला मी माझी कहाणी सांगितली. त्याने सहानुभूतीने ऐकून घेतली.

"काका, मी डाव्या दाराचं रबर बसवतो," तो म्हणाला. "उजव्या दाराचं काही असेल तर तो बघा, तिकडं वडापाव खातोय."

आमच्याकडे चार चाकांना हात लावणारा एकच मेकॅनिक असतो. तो टीव्हीही दुरुस्त करतो, आणि त्याला लग्नंही जुळवता येतात. इथे दोन दारांच्या रबराला दोन माणसं. प्रगती म्हणतात ती हीच असावी.

परतताना चौकात अडकलो असताना मागच्या टेम्पोतून एक जण उतरून थेट माझ्या खिडकीशी आला.

"ओ काका! कवाचा हॉर्न मारतोय. ब्रेकलाईट लागंना तुमचा. मागच्याला काय सपान पडणार हाय का तुमी थांबलाय म्हणून?"

मी घाट चढून वर आल्यापासून वाटेत जो तो माझ्यावर हॉर्न वाजवत होता. देशावरची माणसं जरा दांडगी, असं मी मनात ठरवून टाकलं होतं. मोशीत जेवताना तसं बोलूनही दाखवलं होतं, दाजींच्या देखत. आणि ती सगळी दांडगी माणसं बिचारी मला एवढंच सांगत होती की तुझा ब्रेकचा दिवा लागत नाही, मरशील. माझी मान खाली गेली. ट्रॅफिकमध्ये मान खाली घालून बसायला भरपूर वेळ मिळतो.

बुधवार, तळवडे

तळवड्याला एका बाजूला आयटी पार्कच्या काचेच्या इमारती आणि दुसऱ्या बाजूला पत्र्याच्या शेड. त्यातल्या एका शेडमध्ये गणेशभाऊ नावाचे ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत, मूळचे लातूरकडचे. त्यांच्याविषयी मला इतरांकडून काही ऐकावं लागलं नाही, सगळं त्यांनीच सांगितलं.

"काका, मोठमोठे आयटीवाले माझ्याकडंच येतेत. हे बघा, हा पोरगा गाड्यांचं सॉफ्टवेअर लिहितो म्हणे. ह्याची स्वतःची गाडी सकाळपासून चालू होईना."

गळ्यात ओळखपत्र घातलेला तो तरुण ओशाळून मोबाइलमध्ये बघू लागला.

गणेशभाऊंनी माझ्या गाडीला स्कॅनर जोडला. स्कॅनर म्हणाला, बिघाड नाही. फ्यूज बघितले, शाबूत होते. मागचे बल्ब बदलले, फरक नाही. मग त्यांनी ब्रेकच्या पेडलला जोरजोरात दणके दिले आणि मागचे दिवे भक्कन लागले.

"झालं!"

"आणि क्रूझ?"

"ते निराळं. ते कॉम्प्युटरचं काम हाय. उभ्या गाडीत कळत नसतंय, पळवून बघावं लागतंय. उद्या गुरुवार, एमआयडीसीतले आतले रस्ते रिकामे. सकाळी जाऊ."

'ते निराळं' हे मला फार सोयीचं वाटलं. दिवे दुरुस्त झाले म्हणजे अर्धं पाप फिटलं. उरलेलं अर्धं तर एक बटण आहे, ते ती मुलगी कशाला दाबायला जाईल, असंही मी मनाशी म्हणून पाहिलं. जगातली सगळी बटणं न दाबण्यासाठीच असतात, हे कोणाला ठाऊक नाही?

गुरुवार, एमआयडीसी

गुरुवारची चाकण एमआयडीसी म्हणजे सकाळी उघडलेलं रिकामं मंगल कार्यालय. रुंद रस्ते, बंद फाटकं, सुरक्षारक्षक उन्हात खुर्ची टाकून बसलेले. गणेशभाऊ मांडीवर स्कॅनर घेऊन शेजारी बसले. मी वेग पंचेचाळीसवर नेला, क्रूझ लावलं आणि पाय काढून घेतला.

"आता ब्रेक लावा."

लावला. गाडी कुरकुरली. पाय उचलला, उसळली.

"बघितलंत?"

"थांबा, वाचायलोय मी," गणेशभाऊ स्कॅनरमध्ये डोकं घालून म्हणाले. "पुन्हा लावा."

नेमक्या त्याच वेळी वळणापलीकडून म्हशी निघाल्या. कारखाने येण्याआधीपासून त्या याच वाटेने पाण्यावर जात असाव्यात, आणि मधे रस्ता झाला हे त्यांना कोणी कळवलेलं दिसलं नाही. मी ब्रेकवर पाय रोवला, आणि त्याच क्षणी माझ्या घोट्याला कडकडून काहीतरी चावलं. एक नाही, अनेक ठिकाणी. पाय आपसूक वर आला. गाडीला तेवढंच हवं होतं.

"काका, म्हशी!"

"मुंग्या!" मी ओरडलो.

"म्हशी हायेत हो त्या!"

गणेशभाऊंनी स्कॅनर भिरकावून स्टिअरिंगवरच्या बटणावर मूठ आपटली. मी मुंग्या लागलेल्या पायानेच ब्रेक तळाशी नेला. गाडी शेवटच्या म्हशीच्या शेपटीजवळ थांबली. तिने मागे वळून आमच्याकडे पाहिलं आणि चालायला लागली. तिच्यामागच्या आजोबांनी जे ऐकवलं ते मी इथे लिहीत नाही, पण ते योग्यच होतं.

गणेशभाऊ खाली उतरले, टॉर्च लावून त्यांनी पेडलच्या वर डोकं घातलं आणि ते बराच वेळ तसेच राहिले. मग त्यांनी मला बोलावलं. तांबड्या मुंग्यांची एक रांग पेडलच्या दांड्यावरून वर चढत होती आणि दांड्याच्या वरच्या टोकापाशी असलेल्या एका छोट्या स्विचमध्ये शिरत होती. त्या स्विचवर पिवळट-लाल असं चिकट काहीतरी थरावर थर चढून वाळलं होतं.

"हे काय सांडलंय काका? लोणचं?"

मी ते ओळखलं. हळद, कुंकू आणि नारळाचं पाणी.

दर अमावास्येला मी गाडीची पूजा करतो. चाकांना, बॉनेटला, आणि गाडीचे पाय म्हणून पेडलांना. घरचे माड, नारळाला तोटा नाही. त्यामुळे पेडलच्या दांड्यावर वरून, पिंडीवर धरतात तशी बारीक धार धरून, अभिषेक.

"किती पाणी घालता?"

"अख्ख्या नारळाचं. प्रत्येक पेडलला एक."

गणेशभाऊ माझ्याकडे बघतच राहिले. "आमच्याकडं चार थेंब शिंपडतेत काका. बाकीचं पितेत."

मग त्यांनी समजावून सांगितलं. पेडल दाबलं की या स्विचमधली खिळी बाहेर यायची. ती बाहेर आली की मागचा दिवा लागतो, आणि त्याच इशाऱ्याने क्रूझ सुटतं. माझी खिळी प्रसादाच्या पाकात आत चिकटून बसली होती. काल दणक्यांनी ती तेवढ्यापुरती सुटली, आणि रात्रीत पुन्हा चिकटली. गाडीला कळतच नव्हतं की ब्रेक दाबलाय. क्लचच्या स्विचचीही तीच गत, कारण मी कोणत्याही पेडलवर अन्याय केला नव्हता.

"म्हणजे कालचं आणि हे एकच होतं?" मी विचारलं.

"मी कालच म्हणलो होतो," गणेशभाऊ बेधडक म्हणाले.

दोन्ही स्विच नवे बसले, दुसऱ्या एका गाडीचे, पण तंतोतंत बसणारे. मुंग्यांना बेघर केलं. त्याच रस्त्यावर आम्ही पुन्हा पुन्हा क्रूझ लावलं आणि ब्रेकला पाय नुसता टेकला तरी ते सुटत राहिलं. मी हलका झालो. काम झालं, कोणाला काही कळलं नाही, कोणाला काही झालं नाही. माझ्यासारख्या माणसाचं नशीब इतकं चांगलं असतं, आणि वर लोक देवाच्या न्यायाबद्दल बोलतात.

गुरुवार, संध्याकाळ, मोशी

अंगणात आळीतली माणसं जमली होती. बॉनेटवर झेंडूची माळ, चाकांखाली लिंबं. भाकरीवाल्या तिघी जणी नवी लुगडी नेसून मागच्या सीटवर बसून बघत होत्या, खिडकीची काच खालीवर करत होत्या. सुनंदा हातात ताम्हन घेऊन आली. तिच्यामागे दाजी, त्यांच्या हातात सोललेले तीन नारळ.

"दादा, आज तुझ्यासारखंच करायचं," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "आमचा दादा दर अमावास्येला पेडलवर अख्ख्या नारळाचा अभिषेक करतो. म्हणून तर गाडी इतकी वर्षं सुखरूप राहिली."

"पेडलवर नको," मी म्हणालो.

"का रे?"

"मॅट नवीन आहे. भिजेल."

"मॅट काढा की पाव्हणं," सुनंदाच्या सासूबाई म्हणाल्या. "गाडीच्या पायावर पाणी न्हाई घालायचं? मग पूजा कशाची?"

"चाकांवर घालू या."

"चाकांवर पण घालू, पायांवर पण घालू. नारळ तीन हायेत," दाजी म्हणाले आणि त्यांनी पहिला नारळ दगडावर आपटून फोडला. पाणी वाटीत धरलं. सुनंदाने वाटी घेतली आणि पुढचं दार उघडून ती वाकली.

मला अजूनही काहीतरी सुचत होतं. वीज, शॉर्ट सर्किट, गुरुजींनी सांगितलंय. त्यातलं एखादं चाललंही असतं. पण पुढच्या अमावास्येला मी कुडाळला असणार, आणि इथे सुनंदाच्या हातात वाटी. मी तिचं मनगट धरलं. थोडं पाणी माझ्या शर्टावर सांडलं.

"ते पाणी आतल्या स्विचमध्ये जातं," मी म्हणालो. "मीच घालून घालून तो बिघडवला. ब्रेक दाबला तरी गाडी पळायची थांबत नव्हती. मागचा दिवाही लागत नव्हता. आज सकाळी म्हशींवर जाणार होती. आता दुरुस्त केलंय."

पहिला प्रश्न प्राजक्ताने विचारला.

"तुम्हाला कधी कळलं मामा?"

"साताऱ्याच्या अलीकडे. येताना."

"म्हणजे सोमवारी मी विचारलं तेव्हा?"

"माहीत होतं."

सुनंदाने वाटी ताम्हनात ठेवली. "गावभर सांगितलं रे मी," ती हळूच म्हणाली, आणि माझ्याकडे न बघता घरात गेली. दाजी नेहमी काहीतरी बोलतात, ते हातातल्या नारळाच्या शेंड्या ओढत राहिले. मागच्या सीटवरच्या तिघींपैकी शेवंताबाई खिडकीतून म्हणाल्या, "आवो मामा, आमीच बसणार व्हतो न्हवं हितं?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. खरंच असं होतं का, एवढंच त्या विचारत होत्या. मी हो म्हणालो.

प्राजक्ताने माझ्या हातातून किल्ली घेतली. मला वाटलं, ती आता गाडी परत न्या म्हणेल, आणि ते मला मान्य होतं.

"मावशी, तुम्ही तिघी खाली उतरा," ती म्हणाली. "मामा, तुम्ही मागे बसा. मधल्या जागेवर."

मी मागे बसलो. मधल्या जागेवर धरायला काही नसतं, पुढे दोन सीटांच्या मधून सरळ रस्ता दिसतो. तिने गाडी स्पाइन रोडला नेली. तो रुंद रस्ता गुरुवारचा मोकळा होता. तिने वेग घेतला, क्रूझ लावलं, पाय काढून घेतला. समोर दूर सिग्नलला एक बस उभी होती. बस जवळ येत गेली. प्राजक्ताने ब्रेकला पाय लावायला माझ्या मते फार उशीर केला. क्रूझ सुटलं, गाडी अलगद मंदावली. तिने पुन्हा लावलं, पुन्हा सोडलं. दरवेळी समोर काहीतरी यायचं, ट्रक, रिक्षा, रस्ता ओलांडणारं कोणी, आणि दरवेळी गाडी थांबायची, जशी थांबायला हवी तशी. किती वेळ आम्ही फिरलो कोण जाणे.

एका सिग्नलला तिने आरशातून माझ्याकडे पाहिलं, मग मान वळवून खाली पाहिलं. माझा उजवा पाय मी समोरच्या सीटखाली सगळ्या ताकदीने जमिनीवर दाबून धरला होता.

"मामा," ती म्हणाली, "मागे ब्रेक नसतो."